स्प्रिंग कापताना नेमकं काय कापलं जातं?

बर्मिंगहॅममधल्या एका मित्राला शेजारच्या आजोबांनी आपली जुनी एअर रायफल दिली. वय झालं, आता हात थरथरतात, म्हणाले, तूच घेऊन जा. रायफल चांगली होती, पण ट्रिगर ओढायला फार जड. मित्राने चार ठिकाणी चौकशी केली आणि एका रविवारी चहाला आला तो एक छोटीशी स्प्रिंग कागदात गुंडाळून.

"तू धातूंवर काम करतेस ना? यातले दीड वेढे कापायचे आहेत. पक्कड आहे का घरात?"

पक्कड होती. पण मी त्याला ती दिली नाही. आधी आम्ही एका बॉलपेनची स्प्रिंग काढली आणि दोन तास तिच्यावरच घालवले. त्या दोन तासांत जे बोलणं झालं ते इथे नीट मांडते आहे, कारण स्प्रिंग कापायची वेळ घरात हत्यार घेऊन बसणाऱ्या प्रत्येकावर कधी ना कधी येते. खेळण्यातली स्प्रिंग तुटते, दाराच्या कुलपातली गंजते, जुन्या कॅमेऱ्यातली हरवते. दुकानातून आणलेली नेमकी थोडी लांब असते. मग हात आपोआप पक्कडीकडे जातो.

दाबते ती स्प्रिंग, पिळली जाते ती तार

पेनमधली स्प्रिंग बोटांत धरून दाबा. ती आखूड होते. तार मात्र आखूड होत नाही. मग नेमकं काय बदलतं? प्रत्येक वेढ्यातली तार स्वतःभोवती किंचित पिळली जाते. ओला टॉवेल पिळताना दोन्ही हात उलट दिशेने फिरतात, तसंच, फक्त फार थोडं. दाबाची स्प्रिंग म्हणजे गुंडाळून ठेवलेली, पीळ खाणारी एक लांब सळई. हे एकदा डोळ्यासमोर आलं की पुढचं सगळं सोपं होतं.

लांब सळई पिळणं सोपं, आखूड सळई पिळणं अवघड. म्हणून स्प्रिंगचे वेढे कमी केले की तिचा ताठरपणा वाढतो, म्हणजे तेवढीच दाबायला जास्त जोर लागतो. दहा काम करणाऱ्या वेढ्यांतले दोन काढले तर ताठरपणा दहा भागिले आठ पटीने, म्हणजे २५ टक्क्यांनी वाढतो. अर्धी स्प्रिंग कापली तर तो दुप्पट होतो.

तारेच्या जाडीचा परिणाम याहून खूप मोठा. ताठरपणा जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. तार अवघी ५ टक्के जाड घेतली तर ताठरपणा सुमारे २२ टक्क्यांनी वाढतो. वेढ्याच्या व्यासाचा परिणाम उलटा, तोही तिसऱ्या घाताने: वेढा जितका रुंद, तितकी स्प्रिंग मऊ. म्हणून "दिसायला तशीच आहे" या भरवशावर स्प्रिंग बदलू नये. ०.४० आणि ०.४५ मिमी जाडीच्या तारा डोळ्यांना सारख्याच दिसतात, पण बाकी सगळं तेच असेल तर दुसरी स्प्रिंग ६० टक्के जास्त ताठर असते. व्हर्नियर कॅलिपर हे या कामातलं पहिलं हत्यार, पक्कड नंतर.

मग कापल्यावर स्प्रिंग हलकी का वाटते?

इथे मित्राने मला अडवलं. "ताठर होते म्हणतेस, पण लोक तर ट्रिगर हलका करायलाच स्प्रिंग कापतात!"

प्रश्न अगदी बरोबर होता. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि त्यांचा मेळ आकड्यांनीच बसतो. समजा आपल्या पेनच्या स्प्रिंगची तार ०.४ मिमी जाड आहे, वेढ्याचा सरासरी व्यास ४ मिमी, काम करणारे वेढे १० आणि मोकळी लांबी २५ मिमी. पोलादाचे नेहमीचे गुणधर्म धरून हिशेब केला तर ताठरपणा येतो प्रत्येक मिलिमीटरला ०.४ न्यूटन. (एक न्यूटन म्हणजे साधारण १०० ग्रॅमचं वजन.)

ही स्प्रिंग २० मिमीच्या जागेत बसवली. ती ५ मिमी दबली, म्हणजे काही न करताही ती २ न्यूटन जोर लावून बसली आहे. यंत्र चालताना ती १२ मिमीपर्यंत दाबली जाते. तेव्हा जोर ५.२ न्यूटन.

आता दोन वेढे कापले. ताठरपणा ०.५ झाला, पण मोकळी लांबीही २५ वरून २० मिमीवर आली. त्याच २० मिमीच्या जागेत ती आता अजिबात दबलेली नाही. जोर शून्य! १२ मिमीपर्यंत दाबल्यावर जोर ४ न्यूटन. म्हणजे ताठरपणा वाढूनही, त्याच जागी बसलेली कापलेली स्प्रिंग प्रत्येक टप्प्यावर आधीपेक्षा कमीच जोर लावते. फक्त तिचा जोर सुरुवातीला फार कमी असतो आणि मग झपाट्याने वाढतो.

हा योगायोग नाही. वेढे कापताना लांबी ज्या प्रमाणात घटते त्याच प्रमाणात ताठरपणा वाढतो, त्यामुळे दोन्हींचा गुणाकार तोच राहतो (२५ गुणिले ०.४ आणि २० गुणिले ०.५, दोन्ही १०). कागदावर आलेख काढून पाहा. मूळ आणि कापलेल्या स्प्रिंगच्या रेषा लांबी शून्य असतानाच एकमेकींना भेटतात आणि त्या लांबीपर्यंत कुठलीच स्प्रिंग दाबता येत नाही.

यातला सर्वात महत्त्वाचा आकडा म्हणजे तो २ वरून शून्यावर आलेला जोर. यंत्र विश्रांतीला असताना स्प्रिंग जो जोर लावून ठेवते त्याच्या भरवशावरच भाग आपापल्या जागी राहतात. तोच सर्वात आधी आणि सर्वात जास्त घटतो. दोन वेढे कापून मधला जोर २३ टक्के घटला, पण विश्रांतीचा जोर १०० टक्के गेला. ट्रिगरकडे परत येऊ तेव्हा हे लक्षात असू द्या.

हूक यांचं कोडं

जोर आणि दबणं यांचं हे सरळ प्रमाण ज्यांनी सांगितलं ते रॉबर्ट हूक इथलेच. १६३५ साली आइल ऑफ वाइट बेटावरच्या फ्रेशवॉटर गावी जन्मलेले. घड्याळाच्या चक्राला स्प्रिंग लावण्याची कल्पना आधी कोणाची, यावरून १६७५ मध्ये त्यांचा आणि डच शास्त्रज्ञ हायगेन्स यांचा वाद पेटला होता. त्यामुळे १६७६ मध्ये हूक यांनी आपला नियम छापला तो लॅटिन वाक्यातली अक्षरं वर्णक्रमाने लावून, कोड्यासारखा. हक्क आपला राहावा, पण गुपित कोणाला कळू नये! उत्तर त्यांनी १६७८ मध्ये स्प्रिंगवरच्या पुस्तकात दिलं.

त्या नियमावर पुढे इंग्लंडच्या या मध्य भागात मोठा धंदा उभा राहिला. बर्मिंगहॅमजवळच्या वेस्ट ब्रॉमिचमध्ये सॉल्टर कंपनीचे स्प्रिंगचे काटे बनू लागले. आपल्याकडे भाजीवाले, रद्दीवाले वापरायचे तो हुकाचा ताणकाटा त्याच जातीचा. त्याच कारखान्यातल्या कामगारांनी १८७८ मध्ये एक फुटबॉल संघ काढला, तोच आजचा वेस्ट ब्रॉमिच अल्बियन. दक्षिणेला रेडिचमध्ये सुया आणि स्प्रिंगा बनत. टेबलावरचा तो प्रसिद्ध अँगलपॉइज दिवा जॉर्ज कार्वर्डाइन यांनी शोधला आणि तो रेडिचच्या हर्बर्ट टेरी या स्प्रिंग कंपनीने बनवला. दिवा ठेवाल तिथे राहतो, तो स्प्रिंगांच्या हिशेबामुळे.

ही तार साधी तार नाही

आता पक्कड का दिली नाही ते सांगते. स्प्रिंगची तार म्हणजे कपडे वाळत घालायची तार नव्हे. बांधकामातलं साधं पोलाद चौरस मिलिमीटरला सुमारे ४०० ते ५०० न्यूटन ताण सोसतं. पेनच्या स्प्रिंगइतकी बारीक तार २,००० न्यूटनहून जास्त सोसते. ०.४ मिमीची ती केसासारखी तार सरळ करून टांगली, तर तत्त्वतः २५ किलो तांदळाची गोणी तिला लटकवता येईल.

ही ताकद येते ती पोलाद आधी विशिष्ट तापमानाला तापवून, ठरावीक वेगाने थंड करून आणि मग थंडच असताना एकामागोमाग बारीक होत जाणाऱ्या भोकांतून ओढून. यातली तापवण्याची पायरी बर्मिंगहॅमच्या जेम्स हॉर्सफॉल यांनी १८५४ मध्ये पेटंट केली, आणि धातुशास्त्रात त्या पायरीचं नावच "पेटंटिंग" पडलं. पियानोच्या तारांना लागणारी ही ताकद पुढे समुद्राखाली गेली. १८६६ च्या अटलांटिक केबलच्या चिलखतासाठी वेबस्टर अँड हॉर्सफॉलने सुमारे ३०,००० मैल तार बनवली. स्प्रिंगच्या तारेला आजही "पियानो वायर" किंवा "म्युझिक वायर" म्हणतात ते उगाच नाही.

अशी तार वायर कापायच्या साध्या कटरने दाबली तर तीन गोष्टी होतात. कटरच्या धारेला खाच पडते. तारेचं टोक कापलं न जाता चिरडलं जातं आणि शेवटचा वेढा वाकडा होतो. आणि तुकडा सुटतो तो गोळीसारखा. विद्यार्थी असताना मी एकदा नेलकटरने पेनची स्प्रिंग कापली होती. तुकडा चष्म्याच्या उजव्या काचेवर आदळला. काचेवरचा तो बारीक टवका पुढची दोन वर्षं रोज दिसत होता. चष्मा नसता तर दिसण्याचाच प्रश्न होता.

स्वच्छ कापायची रीत

म्हणून पहिली पायरी: डोळ्यांवर सुरक्षेचा चष्मा. हे काम करणाऱ्याच्याच नव्हे, शेजारी वाकून बघणाऱ्याच्याही.

दुसरी: मोजणी. मूळ स्प्रिंगची मोकळी लांबी, तारेची जाडी, बाहेरचा व्यास आणि वेढे कागदावर लिहून ठेवा. टोकांचे वेढे नीट पाहा. बहुतेक दाबाच्या स्प्रिंगांचा शेवटचा वेढा शेजारच्याला चिकटलेला असतो. तो काम करत नाही, फक्त स्प्रिंगला बसायला पाट देतो. हिशेबात काम करणारे वेढेच धरायचे. आणि एक लक्षात घ्या: कापल्यावर नवा पाट करावा लागतो, त्यात काम करणारा आणखी एक वेढा खर्ची पडतो. म्हणून ठरवल्यापेक्षा अर्धा वेढा कमीच कापा. जास्त राहिलेलं नंतर काढता येतं, कापलेलं परत जोडता येत नाही.

तिसरी: आधार. स्प्रिंगच्या आत बरोबर बसेल अशी सळई घाला; ड्रिलच्या पात्याचा गुळगुळीत दांडा उत्तम. मग ती व्हाइसमध्ये हलकेच धरा. आता स्प्रिंग वाकणार नाही आणि शेजारचा वेढा जखमी होणार नाही.

चौथी: कापणं. हातातल्या छोट्या रोटरी ग्राइंडरला पातळ कटिंग डिस्क लावा आणि खुणेवर टेकवून दोन-दोन सेकंदांच्या टप्प्यांत कापा. मध्ये ग्राइंडर बंद करून पाण्याचा थेंब लावा. जे कापून टाकायचं आहे त्या बाजूचा भाग कापडात धरा, म्हणजे तुकडा उडणार नाही. ग्राइंडर नसेल तर त्रिकोणी कानशीच्या कडेने अर्ध्या जाडीपर्यंत खाच पाडा आणि त्या जागी पक्कडीने मोडा. कडक तारेसाठीचा खास कटर मिळतो, तोही चालतो. फक्त टोक नंतर घासावं लागतं.

कापताना तारेचा रंग बघत राहा. पोलाद तापलं की आधी फिकट पिवळं होतं, साधारण २२० अंश सेल्सिअसला, आणि ३०० च्या आसपास निळं. टोकाला अर्धा मिलिमीटर निळं झालं तर बिघडत नाही, कारण तो भाग पाटात जाणार आहे. पण निळसर पट्टा काम करणाऱ्या वेढ्यापर्यंत पोचला तर तुम्ही घाई केली आहे. आणि तार लाल झाली तर त्या भागात स्प्रिंग उरलीच नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. पोलादाचं उलट आहे, जळायच्या कितीतरी आधी पीळ निघून जातो.

पाचवी: पाट. कापलेलं टोक तसंच ठेवलं तर स्प्रिंग एका टोकदार बिंदूवर उभी राहते. जोर मधोमध न पडता एका बाजूला पडतो, स्प्रिंग कलते, नळीच्या भिंतीला घासते आणि टोक समोरच्या भागात रुतत जातं. घरी कापलेल्या स्प्रिंगा बिघडतात त्या बहुतेक इथे. शेवटचा वेढा छोट्या पक्कडीने थंडच, हळूहळू, शेजारच्या वेढ्याला टेकेपर्यंत वाकवा. बारीक तारेला ज्योत दाखवू नका.

मग ते टोक सपाट करायचं. लाकडाच्या ठोकळ्यात स्प्रिंगच्या व्यासाचं सरळ भोक पाडा, स्प्रिंग त्यात घालून टोक किंचित बाहेर ठेवा आणि ठोकळा बारीक सँडपेपरवर गोल गोल घासा. भोकामुळे स्प्रिंग काटकोनात राहते. वेढ्याचा सुमारे पाऊण भाग सपाट चमकू लागला की थांबा. स्प्रिंग टेबलावर उभी करून शेजारी गुण्या धरा. सरळ उभी राहिली तर काम झालं.

सहावी, आणि सर्वात जास्त विसरली जाणारी: कुसळ काढणं. घासल्यावर कडेला, विशेषतः आतल्या बाजूला, धातूचं बारीक कुसळ उरतं. ते पुढे सुटून यंत्रात फिरतं, किंवा शेजारच्या वेढ्यावर ओरखडा काढतं. स्प्रिंग हजारो वेळा पिळली जाते तेव्हा तडा अशाच ओरखड्यातून सुरू होतो. पीळ सर्वात जास्त तारेच्या पृष्ठभागावर, त्यातही वेढ्याच्या आतल्या बाजूला असतो, म्हणून तिथली बारीक जखमही महागात पडते. बारीक कानशीने कुसळ काढा, भिंगातून बघा, तेलाचा हात लावा.

साध्या कार्बन पोलादाची स्प्रिंग असेल तर तेल लावण्याआधी ती ओव्हनमध्ये २२० अंशांना अर्धा तास ठेवता येते. थंड वाकवताना तारेत अडकलेला ताण त्याने सैल होतो आणि नवा पाट जागेवर राहतो. स्टेनलेसला याहून जास्त तापमान लागतं, ते घरच्या ओव्हनचं काम नाही.

शेवटी स्प्रिंग पूर्ण मिटेपर्यंत पाच-सहा वेळा दाबा आणि लांबी पुन्हा मोजा. पहिल्या दाबात किंचित घटून मग स्थिर राहिली तर ठीक. दर वेळी घटतच गेली तर ती स्प्रिंग टाकून द्या.

आणि त्या ट्रिगरचं काय?

पेनची स्प्रिंग मित्राने तिसऱ्या प्रयत्नात सुरेख कापली. टेबलावर ती शिपायासारखी उभी राहिली. मग त्याने कागदातली ट्रिगरची स्प्रिंग पुढे केली.

ती आम्ही कापली नाही.

कारण तोच, २ वरून शून्यावर आलेला आकडा. रायफल भरलेली असताना मुख्य स्प्रिंगचा सगळा जोर एका छोट्या खाचेवर अडून असतो, आणि ती खाच जागेवर धरून ठेवायचं काम ट्रिगरच्या छोट्या स्प्रिंगकडे असतं. ट्रिगर हलका वाटावा म्हणून ती कापली तर सर्वात आधी घटतो तो विश्रांतीचा जोर. खाच पूर्ण बसत नाही. रायफल भिंतीला टेकवताना बसलेला धक्काही मग पुरतो. बोट ट्रिगरवर नसताना गोळी सुटणं यालाच म्हणतात. आणि हा दोष शंभरदा नेम मारून दिसत नाही, एकशे एकाव्या वेळी दिसतो.

मुख्य स्प्रिंगला तर हातच लावायचा नाही. ती रायफलमध्ये दाबलेल्या अवस्थेतच बसवलेली असते, आणि योग्य साधनाशिवाय उघडली तर सगळा जोर तोंडाकडे येतो. शिवाय कायदाही आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये बिनपरवाना एअर रायफलची मर्यादा १२ फूट-पाउंड, म्हणजे सुमारे १६.३ ज्यूल, आणि एअर पिस्तुलाची ६ फूट-पाउंड. जास्त ताकदीची स्प्रिंग बसवून रायफल या मर्यादेपुढे गेली तर ती बंदुकीच्या परवान्याखाली येते. स्कॉटलंडमध्ये २०१६ च्या अखेरीपासून साध्या एअर रायफललाही परवाना लागतो.

हाच नियम इतरत्र लावा. स्प्रिंग अपुरी पडल्यावर फार तर पेन उघडणार नाही किंवा खेळणं चालणार नाही, तिथे बिनधास्त कापा आणि शिका. पण दाब सोडणारी झडप, ब्रेक, ट्रिगर, गाडीचं सस्पेन्शन, जिथे स्प्रिंग कोणाला तरी सांभाळून आहे, तिथे कापू नका. मोजमाप लिहा आणि त्या मापाची नवी मागवा.

मित्राने तेच केलं. रायफल गनस्मिथकडे नेली. ट्रिगर जड होता तो स्प्रिंगमुळे नव्हताच. चाळीस वर्षांचं तेल आत घट्ट होऊन डिंकासारखं झालं होतं. साफ केल्यावर ट्रिगर हलका झाला, स्प्रिंग मूळचीच राहिली.

आमच्या बॉलपेनची स्प्रिंग मात्र दोन वेढ्यांनी आखूड झाली आहे. बटण दाबलं की पेन उघडतो. मिटताना कधी कधी मिटत नाही. विश्रांतीचा जोर म्हणजे काय, ते मी आता त्याच पेनवर दाखवते.